थकित राज्यकराची तडजोड: अभय योजनेत उतरण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर काय करावे

गोव्यात राज्यकराच्या थकबाकीची नोटीस घेऊन सल्ला विचारायला येणाऱ्या माणसाच्या हातातील कागद पुष्कळदा दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या व्यवहाराचा असतो. दुकान वडिलांच्या नावावर होते आणि वडील आता हयात नाहीत. कळंगुटचे छोटे गेस्ट हाऊस केव्हाच दुसऱ्याला चालवायला दिले गेले. खनिजवाहू ट्रकांचे सुटे भाग विकणारे दुकान २०१२च्या खाणबंदीतून कसेबसे सावरले, पण २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्यावर बंद पडले. व्यवसाय संपला तरी करनिर्धारणाचा आदेश संपत नाही. त्यातील कर, त्यावरचे व्याज आणि दंड या तिन्ही रकमा राज्याच्या कर खात्याच्या वहीत तशाच राहतात आणि शेवटी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची कारवाई सुरू होते. अशा करदात्यांसाठी राज्य सरकारे अधूनमधून जी योजना आणतात तिला व्यापारी अभय योजना म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने ती एक तडजोड असते: सरकार व्याज, दंड आणि काही वेळा वादग्रस्त कराचाही काही भाग सोडून देते, त्या बदल्यात करदाता आपला वाद सोडतो आणि ठरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत भरतो.

या योजनांविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न येतो तो किती टक्के माफी आहे हा. माझ्या मते तो प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. योजनेतील टक्केवारी खात्याच्या वहीतील थकबाकीच्या आकड्यावर लावली जाते, आणि तो आकडा चुकीचा असेल तर माफी कितीही उदार असली तरी करदाता नको तेवढी रक्कम भरून मोकळा होतो. तडजोडीचा आदेश निघाल्यावर तो आकडा पुन्हा उघडता येत नाही. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा आकडा तपासण्याला दिली आहे.

थकबाकी नेमकी कोणत्या कायद्याखालची आहे

गोव्यातील जुन्या थकबाक्या प्रामुख्याने सहा कायद्यांखाली आढळतात: १९६४चा गोवा विक्रीकर कायदा, १९५६चा केंद्रीय विक्रीकर कायदा, २००५चा गोवा मूल्यवर्धित कर कायदा, १९८८चा गोवा चैनकर कायदा, १९६४चा करमणूक कर कायदा आणि २०००चा प्रवेशकर कायदा. हॉटेल आणि गेस्ट हाऊसवाल्यांच्या थकबाकीत चैनकराचा भाग मोठा असतो. वेर्णा, कुंडई किंवा खोर्ली येथील औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांकडे केंद्रीय विक्रीकराची मागणी अधिक दिसते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू झाला आणि यांपैकी बहुतेक कर त्यात विलीन झाले, परंतु त्या तारखेपूर्वीच्या व्यवहारांची जबाबदारी जुन्या कायद्यांखालीच राहिली. पेट्रोल, डिझेल आणि मद्य यांवर मूल्यवर्धित कर आजही चालू आहे, त्यामुळे पेट्रोल पंप आणि मद्यविक्रेते यांची थकबाकी जुनी आणि नवी अशी दोन्ही प्रकारची असू शकते.

या जुन्या करांसाठी गोवा विधानसभेने २००९ साली करथकबाकीच्या तडजोडीचा कायदा केला होता. त्यानंतर २०२३ साली कर, व्याज, दंड आणि इतर देणी यांच्या तडजोडीसाठी स्वतंत्र कायदा आला. जीएसटीची थकबाकी या राज्य कायद्यांत बसत नाही. तिच्यासाठी सवलत द्यायची तर जीएसटी परिषदेच्या शिफारशीने जीएसटी कायद्यातच तरतूद करावी लागते. आयकराच्या तडजोड योजना केंद्राच्या असतात. पंचायतीची किंवा पालिकेची घरपट्टी, विजेचे आणि पाण्याचे थकित बिल यांच्या एकरकमी फेडीच्या योजना त्या त्या संस्था किंवा खाती काढतात आणि त्यांचे नियम पूर्ण वेगळे असतात. घरात या सगळ्यांच्या नोटिसा एकाच फाइलमध्ये लावलेल्या असतील, तर पहिले काम त्या वेगळ्या करण्याचे आहे.

आकडा स्वतः काढावा

कर खात्याच्या ज्या वॉर्ड कार्यालयात नोंदणी होती, मग ते पणजीचे असो, म्हापशाचे, डिचोलीचे, फोंड्याचे, मडगावचे, वास्कोचे किंवा कुडचड्याचे, तेथे लेखी अर्ज करून आपल्या नोंदणी क्रमांकावरील थकबाकीचे वर्षवार विवरण मागावे. अर्जात नोंदणी क्रमांक, व्यवसायाचे नाव, मालकाचे किंवा भागीदारांचे नाव आणि कोणकोणत्या कायद्यांखाली नोंदणी होती ते लिहावे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. आदेशाची प्रत हरवली असेल तर प्रमाणित प्रतीसाठी स्वतंत्र अर्ज करावा. तोंडी सांगितलेला आकडा कागदावर उतरवून त्यावर निर्णय घेऊ नये. लेखी उत्तर मिळतच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज हा शेवटचा मार्ग असतो आणि त्याला सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत आहे. म्हणून हे काम योजना जाहीर होण्याची वाट न पाहता आधीच करून ठेवावे.

विवरण मिळाल्यावर प्रत्येक कायद्याचे आणि प्रत्येक आर्थिक वर्षाचे एक स्वतंत्र पान करावे. त्या पानावर आदेशाची तारीख, आदेश हातात पडल्याची तारीख, मूळ कर, व्याज, दंड, आजवर भरलेल्या रकमा त्यांच्या चलनांसह, आणि अपील असल्यास त्याचा क्रमांक व स्थिती लिहावी. एवढे झाले की चुका आपोआप डोळ्यांसमोर येऊ लागतात.

सर्वांत नेहमीची चूक जमा न झालेल्या चलनाची असते. बँकेत पैसे भरले, चलनाची प्रत घरी आहे, पण चलनावर मूल्यवर्धित कराऐवजी केंद्रीय विक्रीकराचे शीर्ष लिहिले गेले किंवा वर्ष चुकले, त्यामुळे रक्कम दुसऱ्याच खात्यावर जमा दिसते. दुसरी बाब एकतर्फी आदेशाची: दुकान बंद झाल्यावर नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, कोणीच हजर राहिले नाही आणि अधिकाऱ्याने अंदाजाने उलाढाल धरून कर ठरवला. तिसरी, आणि गोव्यातील कारखानदार व घाऊक व्यापाऱ्यांच्या बाबतीत फार महत्त्वाची बाब ‘सी’ फॉर्मची आहे. परराज्यातील नोंदणीकृत खरेदीदाराला माल विकताना त्याच्याकडून सी फॉर्म मिळाला तर केंद्रीय विक्रीकर सवलतीच्या दराने लागत असे. हा दर १ एप्रिल २००७ पासून ३ टक्के आणि १ जून २००८ पासून २ टक्के झाला. फॉर्म सादर झाला नाही की राज्यातील पूर्ण दराने फरकाची मागणी निघते. म्हणजे माल खरोखर विकला गेला, कर खरोखर भरला गेला, आणि केवळ कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या व्यापाऱ्याने कागद पाठवला नाही म्हणून लाखोंची थकबाकी उभी राहते. फॉर्म उशिराने स्वीकारण्याची मुभा केंद्रीय विक्रीकराच्या नियमांत पुरेसे कारण दाखवल्यास अधिकाऱ्याला दिलेली आहे, त्यामुळे जुन्या फाइलींत पडून राहिलेले फॉर्म आधी शोधावेत.

हे किती फरक पाडते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. डिचोलीतील हार्डवेअरच्या दुकानाला एका वर्षासाठी ४,८०,००० रुपये कर, ३,१०,००० रुपये व्याज आणि ६०,००० रुपये दंड अशी एकूण ८,५०,००० रुपयांची मागणी आहे. आदेश उघडून वाचल्यावर कराची फोड अशी दिसते: विवरणपत्रात स्वतः मान्य केलेला पण न भरलेला कर ६०,०००, सी फॉर्म नसल्यामुळे लावलेला फरक २,९०,०००, आणि पुरवठादाराच्या नोंदी न जुळल्याने नाकारलेली, खरेदीवर आधीच दिलेल्या कराची वजावट १,३०,०००. आता समजा योजनेत मान्य कर पूर्ण, वादग्रस्त कर निम्मा आणि व्याजाच्या १० टक्के रक्कम भरायची असून दंड पूर्ण माफ आहे. आकडा जसा आहे तसा स्वीकारला, तर ६०,००० अधिक २,१०,००० अधिक ३१,००० म्हणजे ३,०१,००० रुपये भरावे लागतील.

पण घरच्या फाइलीत ४५,००० रुपयांचे एक चलन सापडले, जे खात्याच्या नोंदीत नाही. आणि २,००,००० रुपयांच्या फरकाला पुरतील एवढे सी फॉर्मही निघाले. दुरुस्तीचा अर्ज मंजूर झाला तर मान्य कर १५,००० उरतो, वादग्रस्त कर २,२०,००० उरतो आणि व्याज त्याच प्रमाणात उतरून सुमारे १,५२,००० होते. तीच योजना, त्याच टक्केवारीने, आता १५,००० अधिक १,१०,००० अधिक सुमारे १५,२०० म्हणजे साधारण १,४०,००० रुपये मागते. निम्म्याहून अधिक रक्कम केवळ कागद जुळवल्याने वाचली. हा अर्ज तडजोडीपूर्वी करावा लागतो, आणि योजनेची मुदत सुरू असताना अधिकाऱ्यांपुढे अर्जांचा ढीग असतो, हे ध्यानात ठेवून तो शक्य तितका लवकर द्यावा.

तडजोड करावी की अपील चालवावे

प्रत्येक वर्षासाठी हा निर्णय वेगळा घ्यावा. सगळी वर्षे एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही. ज्या वर्षाचा वाद पुराव्याअभावी हरण्याची शक्यता आहे, म्हणजे सी फॉर्म मिळणारच नाहीत किंवा खरेदीची बिले पुरात, वाळवीत गेली आहेत, तेथे तडजोड बहुधा शहाणपणाची ठरते. ज्या वर्षाचा आदेश मुदत उलटल्यावर काढलेला आहे किंवा ज्या प्रश्नावर उच्च न्यायालयाचा निर्णय करदात्याच्या बाजूने लागलेला आहे, तेथे निम्मा कर भरून वाद सोडणे म्हणजे हातातले सोडणे होय. मूल्यवर्धित कराच्या बाबतीत खात्यातील अपील अधिकारी, पुढे प्रशासकीय न्यायाधिकरण आणि त्यानंतर पर्वरी येथील मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ अशी वाट आहे. ती लांबची आहे, आणि वकिलाचा खर्च, अडकलेली रक्कम व दरम्यान चालू राहणारे व्याज या तिन्ही गोष्टी तडजोडीच्या रकमेसमोर ठेवून हिशेब करावा लागतो. वय झालेल्या मालकाने किंवा ज्याचे वारस या व्यवसायात उतरणार नाहीत त्याने पैशाबरोबर मनःशांतीलाही किंमत द्यावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते. वादाचा वारसा मुलांना मिळणे ही लहान गोष्ट नसते.

खात्यानेच करदात्याविरुद्ध अपील केलेले असेल तर योजनेत अशा प्रकरणाचे काय होते ते स्वतंत्रपणे तपासावे.

योजनेचा मूळ मजकूर वाचावा

योजना वर्तमानपत्रातून कळते, पण निर्णय राजपत्रावरून घ्यावा. गोव्याच्या राजपत्राच्या पहिल्या मालिकेत कायदे, नियम आणि अधिसूचना प्रसिद्ध होतात. शासकीय मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर ते पाहता येतात. मजकूर इंग्रजीत असतो म्हणून अनेकजण तो न वाचता सीएवर सोडतात. सीएकडून समजून घेण्यास हरकत नाही, मात्र काही प्रश्नांची उत्तरे आपण स्वतः कलमावर बोट ठेवून मिळवावीत. कोणत्या तारखेपर्यंतच्या कालावधीची थकबाकी पात्र आहे? त्या थकबाकीचा आदेश कोणत्या तारखेपर्यंत निघालेला असला पाहिजे? वादग्रस्त कर कशाला म्हटले आहे, म्हणजे त्यासाठी अपील प्रलंबित असणे आवश्यक आहे की आदेशाने वाढवलेला कोणताही कर त्यात येतो? आधी भरलेली रक्कम प्रथम करात वळती होणार की व्याजात? अर्जाची शेवटची तारीख आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख एकच आहे का? आणि चुकून जास्त भरले गेले तर परतावा मिळेल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अशा योजनांत सहसा नकारार्थी असते.

वळती करण्याच्या क्रमाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नाही. अपिलाच्या वेळी भरलेले १,००,००० रुपये करात धरले तर मुद्दल उतरते. तेच व्याजात धरले आणि व्याज योजनेत जवळपास माफच होणार असेल, तर ते पैसे वाया गेल्यासारखे होतात.

एक खास सूचना येथे द्यावीशी वाटते. पेडण्यापासून सावंतवाडी दूर नाही आणि कोल्हापूरशी व्यापार रोजचा आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील अभय योजनेचे संदेश गोव्यातील व्यापाऱ्यांच्या फोनवर सतत फिरत असतात. महाराष्ट्राच्या २०२२च्या योजनेत १०,००० रुपयांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ होती आणि १० लाखांपर्यंतच्या थकबाकीला २० टक्के एकरकमी भरण्याचा पर्याय होता. पुढच्याच वर्षीच्या योजनेत या मर्यादा अनुक्रमे २ लाख आणि ५० लाख झाल्या. एकाच राज्यात एका वर्षाच्या अंतराने एवढा फरक पडतो, तर दुसऱ्या राज्याचे आकडे आपल्याला लागू धरणे किती धोक्याचे आहे ते वेगळे सांगायला नको. गोव्यातील नोंदणीची थकबाकी गोव्याच्या कायद्यानेच मिटते. ज्यांची दोन्ही राज्यांत नोंदणी आहे त्यांनी दोन फाइली वेगळ्या ठेवाव्यात.

अर्ज कोण करणार

एकल मालकाच्या बाबतीत अडचण नसते. भागीदारी फर्म विसर्जित झाली असेल तर प्रत्येक भागीदाराची जबाबदारी राहू शकते, आणि अनेकदा असे होते की ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्याच दारात वसुली येते. भागीदारांनी आपसांत कोण किती देणार ते लेखी ठरवून मगच अर्ज करावा. खात्याला त्यांच्या आपसातील वाट्याशी देणेघेणे नसते.

मालक वारला असेल तर वारसांची जबाबदारी सर्वसाधारणपणे त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरती असते. गोव्यात याला आणखी एक पदर आहे. येथील कौटुंबिक कायद्याप्रमाणे, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. नवऱ्याच्या दुकानाच्या थकबाकीसाठी घरावर जप्ती आली, तर पत्नीचा अर्धा वाटा त्यात गुंततो, आणि त्याचे संरक्षण कसे करायचे हा वकिलाला विचारण्याचा प्रश्न होतो. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन कार्यवाही चालू असेल तर कराची थकबाकी तेथे देणे म्हणून दाखवावी. भावंडांपैकी एकाने तडजोडीची सगळी रक्कम भरली आणि नंतर वाटणीत ती कोणी धरली नाही, तर तक्रार कुठेच करता येत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच सर्व वारसांची सही असलेला कागद करून घ्यावा. अर्ज करणाऱ्या वारसाने मृत्यूचा दाखला, वारसा हक्काचा दस्त आणि इतर वारसांचे संमतिपत्र जोडावे.

अर्ज सहसा प्रत्येक कायद्यासाठी आणि प्रत्येक वर्षासाठी स्वतंत्र करावा लागतो. अपील मागे घ्यावे लागत असेल तर मागे घेण्याच्या अर्जाची पोच तडजोडीच्या अर्जाला जोडायची असते. मागे घेण्याच्या अर्जात कारण स्पष्ट लिहावे, की अमुक कायद्याखालील तडजोडीच्या लाभासाठी अपील मागे घेत आहे. नुसते ‘मागे घेत आहे’ असे लिहिले आणि पुढे तडजोड फेटाळली गेली, तर अपील पुन्हा उभे करणे अवघड जाते.

पैसे भरताना

शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. मुदतीच्या अखेरीस संकेतस्थळ मंदावते, बँकेची मर्यादा आडवी येते, आणि चलन दुसऱ्या दिवशीच्या तारखेने निघाले तर कोणीही मदत करू शकत नाही. कायद्याचे शीर्ष, वर्ष आणि नोंदणी क्रमांक या तीन गोष्टी भरण्यापूर्वी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्याव्यात. ठरलेल्या रकमेपेक्षा थोडे जरी कमी भरले गेले तरी लाभ त्या प्रमाणात कमी होतो किंवा अर्जच नाकारला जातो, हे योजनेच्या मजकुरावर अवलंबून असते. रक्कम हातात नसेल तर पतसंस्थेचे किंवा सोनेतारण कर्ज घेऊन तडजोड करणे फायद्याचे ठरू शकते, कारण कर्जावरील व्याज मोजता येते आणि माफ होणारी रक्कम त्याच्याहून मोठी असते. पण हा हिशेब कागदावर मांडूनच करावा आणि हप्ता फिटेल का ते आधी पाहावे.

जीएसटीची थकबाकी

जीएसटीत २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० या तीन वर्षांसाठी व्याज आणि दंड माफ करण्याची तरतूद कलम १२८अ म्हणून आली. जीएसटी परिषदेच्या जून २०२४ मधील ५३व्या बैठकीत शिफारस झाली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ती अमलात आली. फसवणूक किंवा लपवाछपवीचा आरोप नसलेल्या, म्हणजे कलम ७३ खालील मागण्याच तीत बसत होत्या. चुकीने मिळालेल्या परताव्याची मागणी वगळलेली होती. कर पूर्ण भरायचा, तोही ३१ मार्च २०२५ पर्यंत, आणि त्यानंतर तीन महिन्यांत नोटीस असेल तर एसपीएल-०१, आदेश असेल तर एसपीएल-०२ या नमुन्यात अर्ज करायचा, अशी रचना होती. सर्वसाधारण प्रकरणांची ही मुदत संपली आहे. मात्र ज्यांच्यावर मुळात कलम ७४ खाली फसवणुकीचा आरोप होता आणि अपिलात तो टिकला नाही, त्यामुळे कर कलम ७३ प्रमाणे नव्याने ठरवावा लागला, त्यांना तसा आदेश झाल्यापासून सहा महिन्यांची वेगळी मुदत कायद्यात दिलेली आहे. असे प्रकरण असेल तर ते आजच उघडून पाहावे.

त्या योजनेतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, कराच्या आकड्याचीच. २०१७-१८ ते २०२०-२१ या वर्षांची जी वजावट केवळ उशिरा घेतली म्हणून नाकारली होती, ती ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत भरलेल्या विवरणपत्रांतून घेतलेली असल्यास नंतरच्या दुरुस्तीने मान्य झाली, आणि तेवढी रक्कम भरायच्या करातून वजा करता येत होती. ज्यांनी हे पाहिले नाही त्यांनी न लागणारा कर भरला. दुसरी गोष्ट जमेची आहे. अनेकांनी आदेशाची रक्कम डीआरसी-०३ या ऐच्छिक भरण्याच्या नमुन्यातून भरली, पण पोर्टलवर मागणी तशीच उघडी राहिली, कारण ते पैसे कोणत्या आदेशापोटी आहेत हे यंत्रणेला कळलेच नाही. २०२४ मध्ये आलेल्या डीआरसी-०३अ या नमुन्याने ती जोड करता येते. योजना असो वा नसो, आपल्या लॉगिनमध्ये उघड्या मागण्यांचे पान पाहून ही जोड झाली आहे का ते तपासावे.

योजना चालू नसेल तर

पुढची योजना येईल या भरवशावर हातावर हात ठेवून बसणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. योजना केव्हा येईल, तीत आपले वर्ष असेल का, आपल्या प्रकारची थकबाकी बसेल का, यांपैकी काहीच आपल्या हातात नसते. जप्तीची कारवाई मात्र मध्येच होऊ शकते. जीएसटीच्या आदेशाची रक्कम एकदम भरता येत नसेल तर कलम ८० खाली डीआरसी-२० या नमुन्यात हप्त्यांसाठी अर्ज करता येतो. जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळू शकतात आणि त्यांवर व्याज लागते. एक हप्ता चुकला की उरलेली सर्व रक्कम एकदम देय होते. रक्कम २५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर, किंवा विवरणपत्रात स्वतः दाखवलेल्या करासाठी, ही सोय नाही. जुन्या करांच्या बाबतीतही वसुली अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून हप्ते मागावेत आणि पहिला हप्ता अर्जाबरोबरच भरावा. त्याने प्रामाणिकपणा दिसतो आणि थकबाकीही उतरू लागते.

न भरलेली विवरणपत्रे आधी भरून टाकावीत. विवरणपत्र नसल्याने अधिकाऱ्याने अंदाजाने कर ठरवला असेल, तर जीएसटीत आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत वैध विवरणपत्र आणि कर भरल्यास तो आदेश मागे घेतलेला मानला जातो. त्यानंतर आणखी ६० दिवस वाढीव विलंब शुल्कासह मिळतात. नोंदणी रद्द झालेल्यांनी जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र तीन महिन्यांत भरायचे असते. कांदोळी-कळंगुटच्या पट्ट्यात हंगामापुरते दुकान चालवून नोंदणी सोडून देणाऱ्यांकडून नेमके हेच राहून जाते.

आदेश मिळाल्यानंतरची कामे

पैसे भरल्याचे चलन हा तडजोडीचा पुरावा नव्हे. तडजोडीचा आदेश किंवा प्रमाणपत्र हाती येईपर्यंत अर्जाचा पाठपुरावा करावा, आणि त्यावरील कायदा, वर्ष व रक्कम आपल्या पानाशी ताडून पाहावी. अर्ज अमान्य होण्याची नोटीस आली तर तिच्या उत्तराची मुदत लहान असते. त्यासाठी अर्जात दिलेला पत्ता, ईमेल आणि मोबाइल चालू असले पाहिजेत.

बँक खाते गोठवलेले असेल तर ते उघडण्याचे पत्र खात्याने बँकेला पाठवले का ते दोन्हीकडे विचारावे आणि पत्राची प्रत स्वतःकडे घ्यावी. जमिनीवर बोजा चढवला असेल तर गावच्या जमिनीच्या एक-चौदा उताऱ्यात ‘इतर हक्क’ या रकान्यात त्याची नोंद असते. तडजोड झाली म्हणून ती नोंद आपोआप जात नाही. कर खात्याकडून बोजा उठवल्याचे पत्र घेऊन मामलेदार कार्यालयात नोंद कमी करण्याचा अर्ज करावा आणि काही आठवड्यांनी नवा उतारा काढून रकाना खरोखर कोरा झाला आहे याची खात्री करावी. हे राहून गेले की पाच-दहा वर्षांनी जमीन विकताना किंवा कर्ज काढताना नोंद पुढे येते, आणि तोवर आदेशाची प्रत शोधणेही कठीण झालेले असते.

आयकराचा परिणाम त्या वर्षीचे विवरणपत्र भरण्याआधी सीएला दाखवावा. तडजोडीत भरलेल्या कराची वजावट व्यवसाय चालू असल्यास सर्वसाधारणपणे भरल्याच्या वर्षी मिळू शकते; दंडाची मिळत नाही. पूर्वी एखादी रक्कम खर्च म्हणून वजा केलेली असेल आणि तीच आता माफ झाली असेल, तर ती उत्पन्नात धरली जाऊ शकते. तडजोडीचा आदेश, चलने, अपील मागे घेतल्याची पोच आणि वर्षवार पाने या सगळ्यांची एक प्रत घरी, एक सीएकडे आणि एक स्कॅन करून वारसांपैकी एकाच्या ईमेलमध्ये ठेवावी.